बारकीची कमर

बाजारपेठेतून चालताना कानस दुकानांच्या काचांकडे सासूच्या नजरेनं बघायची. "हिचा उजवा खांदा नीट घासला नाही," "हिच्या कानामागं रंग ओघळलाय," असं चालता चालता पुटपुटायची. काचेमागच्या पुतळ्या मुकाट ऐकून घ्यायच्या. न ऐकून करतात काय? त्या पेठेतल्याच काय, पलीकडच्या गावातल्यासुद्धा सगळ्या पुतळ्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या.

कानस हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पुतळ्यांच्या कारखान्यात घासकामाला लागली तेव्हापासून तिच्या हातात कायम कानस असे, आणि दुसरी तोंडात आहे असं लोक म्हणत. नाव ठेवणाऱ्याला वाटलं बाई चिडेल. ती चिडली नाही. "बोथट म्हणाला असतात तर वाईट वाटलं असतं," म्हणाली, आणि नाव घेऊन टाकलं.

कारखाना म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पहिली साच्याची. तिथं मास्तर मातीची पुतळी घडवायचे आणि तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढायचे. दुसऱ्या खोलीत त्या साच्यात रसायनात भिजवलेलं काचेचं कापड थरावर थर चिकटवायचं, वाळलं की पुतळीचे दोन पोकळ अर्धे निघायचे. तिसरी घासखोली. तिथं अर्धे जोडायचे, फटीत लांबीचा लगदा भरायचा आणि पाण्याच्या टबाशी बसून खरखरीत कागदानं, मग मऊ कागदानं, मग त्याहून मऊ कागदानं घासत राहायचं, ते अंग लोण्यासारखं होईपर्यंत. घासखोलीत सगळ्या बायका. साच्याच्या खोलीत बाईनं पाऊल टाकायचं ते झाडू घेऊनच. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण झाडू नसलेली बाई दारात दिसली की मास्तर चष्म्यावरून असे बघायचे, की ती आपोआप झाडू आणायला वळायची.

बायकांच्या सगळ्या पुतळ्या एकाच साच्यातून निघत. मास्तरांनी तो साचा तरुणपणी केलेला. घासखोलीत तिला 'बारकी' म्हणत, आणि तेच नाव गिऱ्हाइकांच्याही तोंडी बसलं होतं. बारकी कारखान्यातल्या कुठल्याही बाईहून हातभर उंच. मान लांब, पाय संपता संपत नाहीत, आणि कमर अशी की कानशीच्या दोन पंजांत मावावी. आत पोकळ. ना आतडं, ना पोटात अन्न, ना पाठीत कळ. अशा अंगावर कुठलाही झगा शोभणारच.

काचेची एक लबाडी आहे. झगा बघायला बाई दुकानासमोर थांबते, तेव्हा तिला आत बारकी दिसते आणि त्याच काचेत स्वतःचं प्रतिबिंबही दिसतं, एकावर एक. मग ती मनातल्या मनात दोघींना मापू लागते. त्या मोजणीत दर वेळी जिंकते ती पोकळ बाई.

कानशीला मात्र असली मोजणी कधी बाधली नव्हती. निदान ती तसं ठासून सांगायची. लहानपणी आत्या कापड फाडताना म्हणायची, "हिला जास्त लागतं." ही म्हणायची, "मग जास्त आण." शाळेच्या नाटकात तिला किल्ल्याची भिंत केलं होतं. राजकुमारी झालेली पोरगी वाक्य विसरली, तेव्हा भिंतीनं तिचं वाक्य असं खणखणीत म्हटलं की टाळ्या भिंतीला पडल्या. लग्न झालं ते बस आगारातल्या मिस्त्रीशी. तो अबोल माणूस. वर्षातून एखादं वाक्य मनातलं बोलायचा. एकदा म्हणाला, "तू आलीस की खोली भरल्यासारखी वाटते." तिनं ते कौतुक म्हणून ठेवून घेतलं, आणि ते कौतुकच होतं.

अशा बाईची सून, तीही तिथंच कामाला, एका सकाळी घासखोलीत टबाशेजारी धाडकन पडली.

पोरगी वर्षभरापूर्वीच बाळंत झाली होती. बाळ नुकतं धरून उभं राहायला लागलेलं. कानशीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, गळ्याची बटणं सोडली, आणि खाली हात गेला तर पोटाभोवती काहीतरी कडक लागलं. वर केलं तर रुंद रबरी पट्टा. आकडेच आकडे. काढला तेव्हा कातडीवर त्याच्या शिवणीचे वळ उठलेले.

"हे काय गं?"

"पोटपट्टा, आई," सून डोळे न उघडताच म्हणाली.

"कुणी सांगितला?"

"कुणी नाही. दुकानात गेले होते. एक पण झगा होईना. तिथली मुलगी म्हणाली, पुतळीवर तर छान बसतोय."

"जेवलीस का सकाळी?"

सुनेनं मान फिरवली.

"काल?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. कानशीच्या मस्तकात तिडीक गेली. "पुतळीवर छान बसतोय! अगं, त्या पुतळीला मी रोज टपल्या मारते. तिच्या पाठीमागं जाऊन बघितलंस कधी? दुकानवाले पाठीला चिमटे लावून झगा आवळतात. त्या भवानीला पण तो झगा होत नाही!"

घासखोलीतल्या बायका हसल्या, पण सगळ्याच नाही. दोघीतिघींनी नकळत आपापल्या पोटाशी हात नेला. ते कानशीच्या नजरेतून सुटलं नाही. ती उठली, पट्टा हातात घेतला आणि झाडू न घेता तडक साच्याच्या खोलीत शिरली.

मास्तर नवी पुतळी घडवत होते. वाळक्या अंगाचा म्हातारा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं पट्टा त्यांच्या पुढ्यात टाकला.

"हे तुमच्या कमरेचं पिल्लू."

"आधी पाय पूस," मास्तर म्हणाले.

"माझी सून तुमच्या बारकीपायी चक्कर येऊन पडली."

"का? बारकीनं ढकललं?"

"अशी बाई कुठं बघितलीत मास्तर? पत्ता द्या मला. जाऊन दोन घास भरवून येते बिचारीला."

मास्तरांनी हातातली माती खाली ठेवली. "हे बघ, कला म्हणजे हजेरीपट नव्हे, येईल त्याचं नाव लिहायला. आहे तेच दाखवायचं तर पुतळी कशाला, दुकानात आरसा टांगा. सुधारून दाखवायचं, त्याला घडवणं म्हणतात." त्यांनी फळीवरचं एक पुस्तक ओढलं. पानं सुटलेली, चित्रं संगमरवरी बायकांची. कुणाला हात नव्हते, कुणाला नाक. "जग मान तुकवतं यांच्यापुढं. ही बघ कमर."

कानशीनं पानं उलटली. एका पानावर गुडघे मुडपून बसलेली दगडी बाई होती. "मास्तर, हिच्या पोटाला वळ्या आहेत की. एक, दोन. बसल्यावर पडतात तशाच. तुम्ही एवढं पुस्तक बघितलंत आणि नेमक्या वळ्या गाळल्यात?"

"त्या काळी दगड स्वस्त असेल," मास्तर म्हणाले, पण पुस्तक जरा घाईनंच मिटलं.

तेवढ्यात मालक आत आले, आणि त्यांच्यामागे खरेदीवाल्या मॅडम. बऱ्याच शहरांत शाखा असलेल्या कपड्यांच्या दुकानाची खरेदी त्या बघत. त्यांना भरल्या अंगाच्या बायकांसाठी कपडे विकायचे होते आणि त्यासाठी त्या मापाची पुतळी हवी होती. मास्तर घडवत होते ती तीच. मॅडमनी मातीच्या पुतळीला एक फेरी मारली.

"ही तर बारकीची फुगलेली बहीण," त्या म्हणाल्या. "छाती वाढली, कंबर तिथल्या तिथं. मास्तर, या मापाची एक जिवंत बाई मला दाखवा. एक."

मालक जमिनीकडे बघू लागले. मास्तर पुस्तकाकडे.

"जिवंत बाई हवीय ना?" कानस मागून म्हणाली. "ही काय उभी आहे. घ्या साचा माझ्या अंगावरून."

मॅडमनी वळून तिच्याकडे वरून खाली बघितलं. दुकानदार ताग्याकडे बघतो तसं बघितलं, पण तुच्छतेनं नाही. "चालेल," म्हणाल्या. "तयार झाली की बघते. पटली तर घेते, नाहीतर दुसरा कारखाना आहेच."

त्या गेल्यावर मास्तर इतके हसले की चष्मा घसरला. "तुझा साचा? तू काचेमागं?"

"लावा पैज."

"लावतो. मॅडमनी घेतली तर तू साच्याच्या खोलीत. झाडू नाही, माझ्या जोडीनं कामाला. नाही घेतली तर कमरेबद्दल परत चकार शब्द काढायचा नाही. ना इथं, ना घासखोलीत."

मालकांना हुरूप आला. "कानसबाई, विचार करा. चकार शब्द नाही म्हणजे तुम्हांला जड जाईल."

"मालक, तुम्ही साक्षीला राहा, सल्ला देऊ नका," कानस म्हणाली.

साच्याच्या खोलीतून पुरुषांना बाहेर काढलं, दाराला कडी घातली. प्लास्टरमध्ये बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या अंगावर लावायचं काम सुनेकडे. ती आता रीतसर दोन वेळा जेवत होती, सासूच्या डोळ्यांदेखत. प्लास्टर कालवायला घासखोलीतली सुतळी. सुतळी म्हणजे इतकी कडकडीत बारीक बाई, की वारा आला की बायका तिला म्हणत, "दार धर गं." कानशीनं अंगाला तेल माखलं, वर जुनी पातळ बंडी चढवली आणि बारकी उभी राहायची त्याच चौथऱ्यावर उभी राहिली.

पहिली ओली पट्टी छातीखाली बसली तशी ती शहारली.

"आई, हलू नका हं."

"हलतेय कोण?"

मान ताठ, खांदे मागं, ती शिपायासारखी उभी. गळ्यापासून मांड्यांपर्यंत पट्टीवर पट्टी चढत गेली. प्लास्टर आवळताना गरम होतं. आधी कोमट, मग चांगलंच ऊन, जणू कुणी मोठ्ठं माणूस मिठी मारून सोडायला विसरलंय. पुढचा अर्धा झाला, कडेला तेल लावून पाठीचा केला, आणि शेवटी दोन्ही अर्धे सुटून निघाले तेव्हा कानशीनं असा श्वास सोडला की प्लास्टरची धूळ उडाली.

"केव्हापासून कोंडला होता एवढा?" सुतळी हसली.

"तू उभी राहून बघ, मग विचार."

त्या कवचात प्लास्टर ओतून बाई तयार झाली. मालक बघायला आले आणि "वा!" म्हणाले. मालक एरवी बिलाशिवाय कशालाच वा म्हणत नसत. मास्तर मात्र चारी बाजूंनी फिरले, छातीच्या हाडांवरून बोट फिरवलं, मागं होऊन एक डोळा मिटून बघितलं.

"वाईट नाही," म्हणाले. "भरलेली आहे, पण डौल आहे. मी उगाच भीत होतो. जिंकलीस समज."

कानस दिवसभर हवेत होती. टबाशी बसून गाणं काय म्हटलं, शेजारणीच्या पुतळीचे दोन्ही हात उलटे बसलेले दाखवून तिची टर काय उडवली. संध्याकाळी निघताना धूळ बसू नये म्हणून तिनं आपला कामाचा कोट काढून प्लास्टरच्या बाईवर चढवला आणि बटणं लावू लागली. पहिलं लागलं. दुसरं जरा ओढून लागलं. तिसरं सहज लागलं. चौथंही.

तिचे हात थांबले.

तिसरं आणि चौथं बटण तिनं कैक वर्षांत लावलं नव्हतं. लागतच नसत. वरच्या काजांचे दोरे झिजून फरफरले होते आणि ही दोन काजं शिंप्यानं कालच केल्यासारखी कोरी होती. प्लास्टरच्या तिच्यावर मात्र ती बटणं एखाद्या शाळकरी पोरीच्या गणवेशासारखी बसली होती.

तिनं कोटाखाली हात घातला. आयुष्यभर घासलेला हात, त्याला डोळ्याआधी कळतं. बरगड्या वर ओढलेल्या. गळ्याची हाडं ताणलेली. आणि पोट आत. उपाशी माणसाचं जातं तसं नव्हे. कुणी बघतंय म्हणून घेतल्यासारखं आत.

मग तिनं दुसरा हात स्वतःच्या पोटावर ठेवला. तेही आत होतं. आत्ता, या घटकेला, रिकाम्या खोलीत, एका प्लास्टरच्या बाईसमोर उभी राहून तिनं पुन्हा पोट आत ओढलं होतं.

"अगं आई गं," ती म्हणाली आणि खाली बसली.

सून शोधत आली. कानशीनं तिला बटणं दाखवली. सुनेला कळायला वेळ लागला नाही. ती पण शेजारी बसली.

"इतकी वर्षं बारकीला शिव्या घातल्या," कानस म्हणाली, "आणि अंगाला पहिली पट्टी लागली तशी स्वतःच बारकी व्हायला निघाले. कुणी सांगितलं पण नव्हतं गं मला."

"आई, एक सांगू? पट्ट्या लावताना मी पण पोट आत घेऊन उभी होते. साचा माझा नव्हता तरी."

दोघी एकमेकींकडे बघून अशा खदखदून हसल्या की बाहेरचा पहारेकरी डोकावून गेला. हसू ओसरल्यावर सून हळूच म्हणाली, "पण कुणाला कळणार आहे? मास्तर म्हणालेत जिंकलात म्हणून. साच्याची खोली मिळतेय तुम्हांला. झाडूशिवाय."

हीच तर गोची होती. ही खोटी बाई मॅडमना आवडणार, यात कानशीला तिळभर शंका नव्हती. मास्तरांना आवडली, मालकांना आवडली, दिवसभर तिला स्वतःलाही आवडली. गप्प बसलं तर पैज खिशात. आणि मग शाखाशाखांतून ही उभी राहणार, श्वास कोंडून. तिच्या मापाच्या बाया काचेशी थांबणार आणि म्हणणार, हिला बघ, माझ्याएवढीच आहे, तरी हिचं पोट कसं सपाट. बारकीला बघून निदान म्हणता यायचं की ती वेगळ्या जातीची. हिच्यापुढं काय म्हणणार?

"मला कळलंय ना," कानस म्हणाली आणि उठली.

सकाळी तिनं मालक आणि मास्तर दोघांना साच्याच्या खोलीत उभं केलं आणि एका दमात सांगून टाकलं. "साचा खोटा आहे. मी पोट आत ओढलं होतं. परत काढायचा."

मालकांनी कपाळाला हात लावला. "कानसबाई, छान आलीय हो! कशाला हात लावता? प्लास्टर काय झाडाला लागतं?"

"माझं अंग काय झाडाला लागतं?"

मास्तर हसतील म्हणून तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. पण मास्तर हसले नाहीत. उलट तडकले. "आणि पोट सोडलंस तर जोड कुठं घेऊ? आं? घेऊ कुठं जोड?"

"कसला जोड?"

"कमरेचा! पुतळीला कपडे घालायचे तर ती मधोमध सुटायला नको का? वरचं धड वेगळं, खालचं वेगळं, दोन्ही अडकवायला कमरेला खिट्टी. रुंद कमरेचा जोड डुगडुगतो. पहिल्या पुतळीचं धड दुकानात गिऱ्हाइकाच्या पायावर पडलं होतं. मग मी कमर काढत गेलो, काढत गेलो, जोड घट्ट बसेपर्यंत."

कानशीनं सावकाश विचारलं, "म्हणजे बारकीची कमर... खिट्टीसाठी?"

"मग काय सौंदर्यासाठी? सौंदर्याचं नंतर सुचलं. लोक वाखाणायला लागले. म्हटलं, असेल."

कानस रागानं फुटणार असं मालकांना वाटलं, ते दाराकडे सरकले. पण तिला हसू आलं. एका खिट्टीसाठी सगळ्या पेठेतल्या बायका अर्धपोटी! तिनं डोळे पुसले. "मास्तर, देवमाणूस आहात तुम्ही. आता खिट्टीच हलवा."

"हलवू कुठं? तुझ्या डोक्यात?"

"ते तुमचं काम. माझं काम पोट सोडायचं."

मास्तर पुटपुटत चौथऱ्याभोवती फिरले. फिरता फिरता थांबले, प्लास्टरच्या बाईच्या मांडीवर खडूनं एक आडवी रेघ ओढली, पुसली, जरा वर तिरपी ओढली. "जांघेत," ते स्वतःशीच म्हणाले. "धड अख्खं ठेवायचं. पाय सोडायचे. चड्डीची शिवण असते तिथं फट लपेल." आणि मग पोरासारखे चमकलेले डोळे लपवायला चष्मा पुसत बसले. माणूस हट्टी होता, पण कारागीर होता. अवघड सांधा दिसला की पैजबिज विसरायचा.

राहिला प्रश्न पोटाचा. "सोडते" म्हणून ते सुटत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर, भरल्या पोटानं, थकल्या पायांनी, एका कुल्ल्यावर भार टाकून, बसची वाट बघताना उभी राहते तशी ती चौथऱ्यावर चढली. सुनेनं ओली पट्टी उचलली रे उचलली, की पोट आत. सुतळीनं गोष्टी सांगितल्या, उपयोग नाही. "विसरा ना आई," सून म्हणे, आणि विसर म्हटलेलं कुणी विसरलंय?

"बाहेर मास्तर आहेत का?" सुनेनं सुतळीला विचारलं. "त्यांना म्हणावं दाराबाहेरून भांडा."

"काय?"

"भांडताना आईंचं लक्ष पोटाकडे नसतं. घरी बघते ना मी."

मास्तरांना दोनदा सांगावं लागलं नाही. कडी घातलेल्या दारापलीकडून त्यांचा आवाज आला, "कानशे, ऐकू येतंय का? बायकांना साचा जमत नाही, ते उगाच नाही म्हणत!"

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो! मनगटात जोर लागतो!"

"मनगटात? तुमच्या मनगटाला चष्म्याची काडी सांभाळेना! पोरं जन्माला घालतो आम्ही, त्याला काय जोर लागत नाही?"

"घासायचं तुमचं काम, घडवायचं आमचं!"

"घडवलंत! धड पायावर पडलं म्हणून कमर तासली, आणि म्हणे कला!"

पट्ट्या भराभर बसत होत्या. हातवारे करायला कानशीचे हात उठत होते, सुतळीनं ते मागून धरून ठेवले. पोट आपल्या जागी होतं. पुढं, खाली, डावीकडे जरा जास्त, नाभीखाली आडवी वळी, जिथं ते रोज राहत होतं तिथं. सुनेनं शेवटची पट्टी दाबली आणि ओरडली, "मास्तर, पुरे! प्लास्टर धरायला लागलं!" बाहेरून "अजून माझे दोन मुद्दे राहिलेत" असं ऐकू आलं. आत कानस एकदम गप्प उभी राहिली, तोंड मिटून, डोळे मिटून, आणि ऊन होत जाणाऱ्या प्लास्टरमध्ये हळूच श्वास घेत राहिली.

मॅडम आल्या त्या दिवशी मालकांनी व्यापारी डोकं चालवलं. कानशीला न विचारता दोन्ही बायका शेजारी शेजारी मांडल्या. पोट ओढलेली आणि पोट सोडलेली. गिऱ्हाइकाला निवड दिलेली बरी, हा त्यांचा हिशोब. कानशीनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते साच्याआड जाऊन उभे राहिले.

मॅडमनी बाहेरचा घट्ट कोट घातला होता, उंच टाचा, पाठ एकदम ताठ. दोघींना फेरी मारून त्या पहिलीपाशी थांबल्या. "ही छान आहे."

सुनेनं कानशीचा दंड घट्ट धरला. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. पैज जिंकायला एवढं पुरेसं होतं. कोणी काही बोललं नसतं तर मॅडम तीच घेऊन गेल्या असत्या, आणि कानस तरीही साच्याच्या खोलीत आली असती.

"छान आहेच," कानस म्हणाली. "फक्त ती श्वास घेत नाहीये."

"म्हणजे?"

"माझाच साचा आहे तो. पोट आत ओढून काढलेला. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. हे बघा, गळ्याची हाडं कशी वर आलीत. अशी बाई जिना चढू शकत नाही, पोर उचलू शकत नाही, हसूसुद्धा शकत नाही. घडीभर उभी राहते आणि घरी जाऊन आकडे सोडते." ती थांबली. मग आवाज खाली आणून, बाईनं बाईशी बोलावं तसं म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. तुम्ही आत्ता कशा उभ्या आहात?"

मॅडमचा हात कोटाच्या बटणाकडे गेला. तिथंच राहिला. मालकांनी साच्याआडून डोळे मिटून घेतले, ऑर्डर गेली म्हणून.

मॅडमनी बटण काढलं. मग खालचं. आणि एक लांब श्वास सोडला, असा की त्यांची उंची बोटभर कमी झाली आणि वय पाच वर्षांनी. "सकाळी सातपासून," त्या म्हणाल्या.

"मी तर किल्ल्याच्या भिंतीपासून," कानस म्हणाली. मॅडमना काही कळलं नाही, तरी त्या हसल्या.

मग दुसरीपाशी गेल्या. तिच्या एका कुल्ल्यावर टाकलेल्या भाराकडे, डावीकडे झुकलेल्या पोटाकडे, वळीकडे बघत राहिल्या. आपल्या पिशवीतून एक झगा काढून त्यांनी स्वतः तिच्यावर चढवला, पाठीला हात न लावता मागं झाल्या आणि मान डोलावली.

"ही," त्या म्हणाल्या. "दुसरी नको. आणि मालक, मला हिच्या जोडीला अजून हव्यात. एक म्हातारी. एक बाळंतपण झालेली. एक अगदी काटकुळी, पण खरी काटकुळी, बारकी नव्हे."

मालक साच्याआडून बाहेर आले ते हात चोळतच.

मास्तरांनी साच्याच्या खोलीतल्या खुंटीवरचा आपला जास्तीचा कातडी एप्रन काढला आणि कानशीच्या अंगावर टाकला. बंद कमरेला पुरेनात. "लांब बंद लाव," ते म्हणाले. "आणि पोट सोडलेल्या बाईचा मान वगैरे डोक्यात घेऊ नकोस. माझ्या खोलीत पाय पुसून यायचं."

"आपल्या," कानस म्हणाली.

"काय आपल्या?"

"आपल्या खोलीत."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. आता आणायला झाडू नव्हता. ते माती मळायला वळले.

कानशीनं पहिला साचा उचलून अंगणातल्या भंगारात टाकला, स्वतःच्या हातानं, मालकांच्या "अहो, अहो" कडे लक्ष न देता. मग ती साच्याच्या खोलीच्या दारात उभी राहून घासखोलीकडे तोंड करून ओरडली, "पुढची कोण?"

टबांतलं पाणी थांबलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी हसलं, कुणी मान खाली घातली. सून उठणार होती, तेवढ्यात भिंतीकडून सुतळी उभी राहिली. ओले हात झग्याला पुसत म्हणाली, "माझं बघा. पण माझं तर नाहीच काही. छातीला फळी आणि कुल्ल्याला खुंट्या. लोक हसतील."

"हसू देत," कानस म्हणाली. "ये आत. छाती पुढं काढलीस तर याद राख."

"आणि नाही राहवलं तर?"

"तर मी आहे ना भांडायला," कानस म्हणाली, आणि तिच्यामागं दाराला कडी घातली.